गाडीतली आणीबाणीची पिशवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न महाराष्ट्रातले रस्ते डोळ्यांपुढे ठेवून निवडले आहेत: पावसाळ्यातले घाट, विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन, रात्रीचे द्रुतगती मार्ग. सामानाची यादी कुठेही मिळते. इथे भर आहे तो वस्तू कुठे ठेवायची, ती पडून पडून कशी निकामी होते आणि वापरताना नेमकं काय चुकतं यावर.

सगळं एकदम घेणं जमणार नाही. सुरुवात कशापासून करू?

दुकानात जाण्याआधी डिकी रिकामी करा. नव्या गाडीबरोबर इशाऱ्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी मिळते, जॅक आणि पाना असतो. पुष्कळ गाड्यांत त्रिकोणाच्या वेष्टनाला अजून हातही लागलेला नसतो. तो उघडून उभा करून बघा. पायाच्या तारा पहिल्यांदा उलगडताना अडतात आणि अंधारात तर हमखास अडतात. पाना नटावर घट्ट बसतो का, जॅक पूर्ण वर जातो का, तेही पाहा. अलॉय चाकांना चोरीपासून बचावाचे लॉक नट असतील तर त्यांची वेगळी किल्ली असते. जुनी गाडी घेतली असेल तर सगळ्यात आधी ही किल्ली शोधा. ती नसेल तर स्टेपनी असूनही चाक निघणार नाही.

मग पहिल्या खरेदीत टॉर्च, चमकणाऱ्या पट्ट्यांची दोन जॅकेटं, काच फोडायची हातोडी आणि हवा भरायचा पंप. पुढच्या महिन्यात जंपर केबल, अग्निशामक, पंक्चरचं किट. बाकीचं घरातच असतं: जुनी चादर, रबरी हातमोजे, चिकटपट्टी, कात्री, मोठी प्लास्टिकची पिशवी, एक फूट बाय एक फूट जाड फळी.

हे सगळं एकाच पिशवीत भरून डिकीत टाकलं तर चालेल ना?

चालत नाही. सामानाचे तीन वाटे करा.

हातोडी, पट्टा कापायचं पातं, टॉर्च आणि जॅकेटं बसल्या जागेवरून हाताला लागली पाहिजेत: दाराच्या कप्प्यात किंवा दोन सीटच्या मध्ये. गाडी पाण्यात किंवा उलटी असेल तर डिकीतली हातोडी नसल्यासारखीच.

अग्निशामक डावीकडच्या पुढच्या सीटखाली, क्लॅम्पने पक्का बसवलेला. ड्रायव्हरच्या सीटखाली सुटा ठेवू नका. ब्रेक मारला की तो घरंगळत पुढे येतो आणि पेडलखाली अडकतो.

उरलेलं डिकीत, पण बाकी सामानाच्या वर किंवा बाजूला, पट्ट्याने बांधलेलं. गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीची डिकी आठवा: सात-आठ बॅगा, त्यांच्यावर मखर, मोदकपात्र, आणि या सगळ्याच्या तळाशी स्टेपनी. भर पावसात रस्त्याच्या कडेला हा संसार मांडायची वेळ येते. निदान जॅक, पाना आणि त्रिकोण तरी निघण्याआधी बाहेर काढून वर ठेवा. सीएनजी गाडीत टाकीमुळे स्टेपनीची जागा बदललेली असते. ती कशी निघते ते घरी एकदा करून पाहिलेलं बरं.

त्रिकोण गाडीपासून किती लांब ठेवायचा?

साध्या रस्त्यावर निदान 50 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 65 ते 70 पावलं. द्रुतगती मार्गावर 100 मीटर किंवा जास्त. हिशोब सोपा आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. ड्रायव्हरने पाहून ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद गेले, तर ब्रेक लागण्याआधीच 55 मीटर संपतात. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे, तिथे हेच अंतर 65 मीटरच्या पुढे जातं. डिकीला टेकवून ठेवलेला त्रिकोण कुणाच्याच उपयोगाचा नाही.

घाटात पावलं मोजू नका, वळण बघा. वळणाच्या पलीकडे गाडी बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसेल.

ठेवायला जाताना जॅकेट आधी घाला, मग दार उघडा. त्रिकोण उलगडून छातीसमोर धरा आणि कठड्याच्या बाहेरून चालत जा. द्रुतगती मार्गावर गाडी चालत्या लेनमध्येच अडकली असेल आणि मागून वाहनं वेगाने येत असतील, तर त्रिकोणाचा नाद सोडा. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या आणि तिथून फोन करा. बंद गाडीत बसून राहणं आणि तिच्या मागे उभं राहणं, दोन्ही जिवावर बेततं.

दगड आणि झाडाची फांदी ठेवली तर?

दिवसा फांदी दिसते, रात्री दिसत नाही. दगड तर दुसऱ्याच्या चाकाखाली येतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतात, हे आपल्या घाटांचं जुनं दुखणं आहे. त्रिकोण नसेल आणि दगड लावावेच लागले तर निघताना ते उचला.

स्टेपनी असताना पंक्चरची काळजी कशाला?

कारण वेळेला स्टेपनीतच हवा नसते. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि हवा आपोआप हळूहळू कमी होते. महिन्याला हवा भरताना पाचवं चाकही भरायला सांगा, शिफारशीपेक्षा 3–4 पीएसआय जास्त. तिचं वयही बघा. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेल्या टायरचं रबरही कडक होतं. बारीक चिरा दिसत असतील तर ती स्टेपनी जवळच्या दुकानापर्यंतच, तीही हळू.

काही गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असते. तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली असते आणि ती पाळायचीच असते.

चाक बदलताना लोक नेमकं कुठे चुकतात?

बहुतेक जण गाडी आधी उचलतात आणि मग नट सोडवायला जातात. चाक हवेत फिरतं, जोर लावला की गाडी जॅकवरून सरकते. क्रम असा ठेवा:

1. सपाट आणि टणक जागा शोधा. त्यासाठी पन्नास-शंभर मीटर रांगत जाऊन टायर गेला तरी चालेल.
2. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), आणि तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा.
3. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा. हाताने हलत नसेल तर पाना आडवा बसवून त्यावर पायाने वजन द्या.
4. जॅक पत्र्याच्या कडेवरच्या खाचेतच लावा. पावसाने माती मऊ झाली असेल तर खाली फळी.
5. गाडी उचलली की काढलेलं चाक कडेने गाडीखाली सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, हातावर नाही.
6. नवं चाक लावून नट हाताने फिरवा, गाडी खाली घ्या आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा.

पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळायचे. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. कंपनीच्या छोट्या पान्याऐवजी अधिक चिन्हाच्या आकाराचा पाना घेतला तर निम्म्या ताकदीत काम होतं. दुकानात नट गनने आवळलेले असतील, तर छोट्या पान्याने ते सुटतच नाहीत.

माझ्या गाडीत स्टेपनीच नाही. हे कायदेशीर आहे का?

आहे. 2020 मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही. पण ते किट म्हणजे बहुतेकदा सीलंटची बाटली आणि पंप. सीलंट फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलं बारीक भोक बुजवतं. खड्ड्यात आपटून बाजूचा भाग फाटला तर त्याचा काही उपयोग नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती गेली की आतला पदार्थ घट्ट होतो. वापरल्यावर पंक्चरवाल्याला आधी सांगा, म्हणजे टायर उघडताना त्याच्या अंगावर चिकट राडा येणार नाही.

म्हणून दोरीवालं पंक्चर किटही घ्या: टी आकाराची कानस, टी आकाराची सुई, पाच-सहा दोऱ्या, रबर सोल्युशन, पक्कड. दोरी सुईत ओवून तयार होईपर्यंत खिळा उपटू नका. मग खिळा ज्या कोनात शिरला होता त्याच कोनात कानस दहा-बारा वेळा आतबाहेर करा, दोरीला सोल्युशन लावून ती दोन-तृतीयांश आत दाबा आणि सुई झटक्यात ओढा. बाहेरचं टोक थोडं ठेवून कापा. थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. दोऱ्या आणि सोल्युशन वर्षा-दोन वर्षांत वाळतात, किट धूळ खात पडलं असेल तरी ते बदला.

पंप कोणता घ्यावा?

12 व्होल्टचा, वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचणारा. घेण्याआधी लायटरच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा. 10 अँपिअरच्या सॉकेटवर 120 वॉटपर्यंतच चालतं. त्याहून मोठा पंप लावला की फ्यूज उडतो आणि पंप बिघडला असं वाटतं. मोठ्या गाडीला थेट बॅटरीला लागणाऱ्या चिमट्यांचा पंप बरा. इंजिन चालू ठेवून वापरा आणि दहा मिनिटांनी त्याला विश्रांती द्या. रिकामा टायर भरायला वेळ लागतो, तेवढ्यात पंप तापतो.

बॅटरी उतरली. जंपर केबल लावायचा क्रम कोणता?

लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, लाल दुसरा चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून लांब. चांगली गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम.

इथे फसवणूक केबलच्या जाडीत होते. पाकिटावर 500 अँपिअर छापलेलं असतं आणि जाड प्लास्टिकच्या आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची बारीक तार असते. छापील अँपिअर सोडा, तारेचं क्षेत्रफळ विचारा: पेट्रोलच्या छोट्या गाडीला 16, डिझेलला 25 चौरस मिलिमीटर, अस्सल तांबं. लांबी तीन मीटरच्या आसपास. केबल गरम होतेय आणि सेल्फ फक्त टकटक करतोय, तर दोष बहुधा केबलचाच. कधीकधी चिमटा गंजलेल्या टर्मिनलवर बसवलेला असतो. तो जरा घासून पुन्हा लावा.

मॅन्युअल गाडीला धक्का स्टार्ट अजून चालतो: इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिकला हा उपाय नाही.

जंपर केबलऐवजी छोटा पॉवरपॅक चांगला नाही का?

दुसरी गाडी शोधावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण आत लिथियम बॅटरी असते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बाहेर 45 अंश असताना बंद गाडीत तापमान 60 च्या पुढे जातं. त्यात लिथियम बॅटरी ठेवणं धोक्याचं. मार्च ते जून हा पॅक घरी उतरवून ठेवा आणि प्रवासाच्या दिवशीच गाडीत घ्या. तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर वेळेला तोच उतरलेला निघतो. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला साधी केबलच बरी, तिला ऊन बाधत नाही.

सॅनिटायझर, डिओडरंटचे डबे आणि लायटरही याच कारणाने उन्हातल्या गाडीत नकोत.

अग्निशामक किती मोठा, आणि कधी वापरायचा?

एबीसी पावडरचा, एक किलोचा, आयएसआय चिन्ह आणि दाबाचा काटा असलेला. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. गाडीच्या हादऱ्यांनी आतली पावडर तळाशी बसून घट्ट होते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी उलटा करून हलवा.

एक किलोची पावडर आठ-दहा सेकंदांत संपते. तेवढ्यात विझेल अशाच आगीसाठी तो आहे. धूर दिसला की गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर. बॉनेट पूर्ण उघडू नका. आत हवा शिरली की भडका उडतो. आतून खटका ओढून फट तयार झाली की त्या फटीतून फवारा. ज्वाळा बॉनेटबाहेर आल्या असतील, इंधनाच्या टाकीजवळ असतील किंवा गाडी इलेक्ट्रिक असेल, तर निदान 50 मीटर लांब जा. सीएनजीचा वास आला, आग नाही, तर इंजिन बंद करून टाकीवरचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करता येतो. तो कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

काच फोडायला सीटची डोकं टेकायची उशी पुरेशी आहे म्हणतात.

ती दांड्यांसकट काढता येते, पण पाण्यात, अंधारात, घाबरलेल्या माणसाला ते जमतंच असं नाही. स्प्रिंगची छोटी हातोडी जास्त भरवशाची; ती दाबली की टोक आपोआप आपटतं, हात मागे न्यायला जागा लागत नाही. पुढच्या काचेच्या मागे लागू नका. तिच्यात प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूची काच, आणि तीही कोपऱ्यात. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या असतात. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचून ठेवा आणि कोणती काच फुटेल ते हेरून ठेवा.

गाडी पाण्यात जाऊ लागली तर पट्टा सोडा, काच खाली करा, बाहेर पडा. सुरुवातीला विजेच्या काचा बहुधा चालतात. दार उघडायच्या खटपटीत तो वेळ घालवू नका.

पाण्यात गाडी बंद पडली, पुन्हा सेल्फ मारू का?

नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. विम्याची साधी पॉलिसी असं इंजिनचं नुकसान बहुधा देत नाही, त्याला इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. गाडी ढकलून बाहेर काढा आणि क्रेन बोलवा. फुटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलू शकतं, तेव्हा पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबा.

घाटात इंजिन तापलं तर?

एसी बंद, हीटर आणि पंखा पूर्ण, काचा उघड्या, आणि पहिल्या मोकळ्या जागेत थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळतं पाणी घेणं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, मग कापड धरून हळू उघडा. पिशवीत पाणी मिसळून तयार केलेलं एक लिटर कूलंट ठेवा. नसेल तर साधं पाणी चालेल, पण नंतर गॅरेजमध्ये सांगून बदलून घ्या. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. भरत भरत पुढे जाण्यात अर्थ नाही.

प्रथमोपचार पेटीत काय असावं?

तयार पेट्यांत छोट्या चिकटपट्ट्या भरपूर आणि कामाचं थोडं असतं. निर्जंतुक गॉजचे मोठे दहा पॅड, 10 सेंटिमीटर रुंदीची चार रोलर बँडेज, दोन त्रिकोणी बँडेज, चिकटपट्टीचं रिळ, हातमोज्यांच्या चार जोड्या, कपडे कापता येतील अशी बोथट टोकाची कात्री, ओआरएसची सहा पाकिटं आणि पोव्हिडोन आयोडिन.

रक्त वाहत असेल तर पॅड ठेवून दहा मिनिटं सलग दाबा. थांबलं का हे बघायला मध्येच उचलू नका. पॅड भिजला तर त्यावरच दुसरा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही नको. गंभीर जखमीला पाणी पाजू नका, आणि मानेला मार असेल तर आग किंवा पाण्याचा धोका नसताना हलवू नका.

गोळ्या मात्र गाडीत ठेवू नका, उन्हाने त्या बिघडतात. रोजची औषधं हातातल्या पिशवीत न्या. घाटात मळमळ थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या चालवणाऱ्यासाठी नाहीत.

अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 134ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

खायला-प्यायला काय?

माणशी दोन लिटर पाणी, दर आठवड्याला बदललेलं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खाकरा. चॉकलेट उन्हात वितळतं. दरड पडून घाट बंद झाला तर चार-पाच तास सहज जातात. सोबत लहान मूल किंवा मधुमेही माणूस असेल तर त्यांचं वेगळं पाकीट हवं.

फ्यूज आणि दोरी?

फ्यूज हवेत: 10 (लाल), 15 (निळा), 20 (पिवळा) अँपिअरचे दोन-दोन. उडालेल्याच्या जागी तितक्याच अँपिअरचा लावा. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला की वायरिंग जळतं.

दोरी चार-पाच मीटरची, गाडीच्या वजनाच्या दुप्पट क्षमतेची. ती बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधायची नसते. जॅकच्या पिशवीत ओढायचा हूक असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून स्क्रूसारखा पूर्ण आवळायचा. ओढताना दोरीच्या रेषेत कुणी उभं राहू नये. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या चाकांवर ओढू नका, सपाट क्रेनच मागवा.

इलेक्ट्रिक गाडीला वेगळं काय?

तिलाही छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तिला बाहेरून जोडणी कशी द्यायची ते माहितीपुस्तिकेत वाचून ठेवा. सोबत कंपनीचा चार्जर आणि 16 अँपिअरची जाड एक्स्टेन्शन वायर घ्या. घरातला साधा बोर्ड या कामाला नाही. त्याची पिन तापून वितळू शकते.

फोन आहे, मग नंबर कागदावर कशाला?

ताम्हिणी, वरंध यांसारख्या घाटांत रेंज मध्येच जाते, आणि फोन उतरतोही. पोलीस, आग, कुठलंही संकट: 112. रुग्णवाहिका: 108. राष्ट्रीय महामार्ग: 1033. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत, त्यांचे मदत क्रमांक वेगळे. निघण्याआधी उतरवून घ्या. विम्याबरोबर मिळणाऱ्या रस्त्यावरच्या मदतीचा क्रमांक आणि घरच्या दोघांचे नंबर त्याच कागदावर, प्लास्टिकच्या पाकिटात. फोन करताना कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेची लेन ते सांगा. ‘बोगद्याच्या जवळ’ एवढ्याने क्रेन पोचत नाही.

हे सगळं किती दिवसांनी तपासायचं?

वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीनंतर. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, आत राहिले की गळतात. मे महिन्यात पॉवरपॅक घरी आहे ना, चिकटपट्टीचा डिंक वितळला नाही ना ते बघा; पावसाळ्यानंतर जॅकच्या आट्यांना ग्रीस लावा आणि बँडेजला बुरशी धरली असेल तर फेकून द्या. आणि त्यातल्या एका वेळी घराखालीच एक चाक काढून परत लावा, घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकाकडून.